मागाच्या जागी पाणी

आमच्या घरात सगळे ओरडून बोलत. वडगावच्या आमच्या गल्लीत नवखा माणूस आला की त्याला वाटायचं, ह्या घरात बारा महिने भांडणं चाललेली आहेत. भांडण नसायचं. पुढच्या खोलीत साड्या विणायचे विजेवरचे दोन माग होते, आणि ते एकदा सुरू झाले की आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं आपटत राहायचा. त्या खटाखटीत "मीठ दे" एवढं सांगायचं तरी छाती भरून घ्यावी लागे. शाळेत मी साधं उत्तर दिलं तरी बाई म्हणायच्या, "सुमन, मी बहिरी नाही." वडील, म्हणजे आमचे आप्पा, मात्र खरंच कमी ऐकायचे. पंचवीस वर्षं मागापाशी उभं राहून त्यांचे कान थकले होते. माग बंद असतानाही त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, तोंड दाखवून बोलावं लागायचं, आणि एकदा सांगून कळलं नाही की ते चिडायचे. चिडायचे स्वतःवर, पण समोरच्याला वाटायचं आपल्यावर.

आई मागच्या सोप्यात बसून धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरायची. चरख्याची घरघर, स्टोव्हची फरफर, वर मागाची खटाखट, अशा त्रिविध आवाजात मी अभ्यास केला, आणि अजून मला शांततेत वाचता येत नाही. आता फ्लॅटमध्ये एकटी असते तेव्हा मी मुद्दाम पंखा मोठा करते. सकाळी नऊला माग थांबायचे ते न्याहारीपुरते. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तीवर कच्चं तेल, आणि कधी आदल्या दिवसाच्या आमटीत मोडलेले भाताचे गोळे. त्या अर्ध्या तासात घरातलं सगळं बोलणं उरकायचं असे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा बैल आजारी, बाजारात काकडी आली की नाही. मग आप्पा तोंड पुसून उठायचे, बटण दाबायचे, आणि बोलणं संपायचं.

दोन मागांपैकी एक आप्पांचा आणि दुसरा यल्लूकाकाचा. यल्लूकाका आप्पांचा धाकटा भाऊ, त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. माझे आजी-आजोबा लवकर गेले, त्यामुळं त्याला आप्पांनी आणि आईनंच वाढवलं होतं. सोळाव्या वर्षी तो मागावर उभा राहिला आणि चोविसाव्या वर्षी एके दिवशी न्याहारीला बसल्या बसल्या म्हणाला, "अण्णा, मला उद्यमबागेत फौंड्रीत काम लागलंय. फिटरच्या हाताखाली." (तो थोरल्या भावाला अण्णा म्हणायचा. उद्यमबाग म्हणजे कारखान्यांची वसाहत, आणि फौंड्री म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना.) आप्पांना ऐकू गेलं नाही असं समजून त्यानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. आप्पांना पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं. ते भाकरी मोडत म्हणाले, "आणि तुझा माग?"

"इकूया की."

आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. न बोलण्याचा तो पहिला दिवस. पुढं माग गेलाही. इचलकरंजीकडचा कुणी माणूस आला, ट्रक गल्लीत शिरेना म्हणून सगळे सांगाडे हातावर वाहून नेले, आणि आप्पा त्या दिवशी आपला माग चालूच ठेवून पाठमोरे उभे राहिले. पुढच्या खोलीत अर्धी जागा रिकामी झाली. माझ्या लक्षात आलं की आता घरातला आवाजही अर्धा झालाय आणि तरी माणसं आधीपेक्षा कमी बोलतात. दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचेच बंद झाले. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. जे काय असेल ते माझ्यामार्फत. "सुमे, काकाला सांग, नळ आलाय." "सुमे, अण्णाला इचार, छत्री न्हेऊ काय." दोघे एकाच सोप्यात चार हातांवर बसलेले असायचे, आणि मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडं करायची. तेव्हा मी नववीत होते. मला त्यात मोठेपणा वाटायचा, हेही कबूल करते.

काकाला मासे पाळायचं वेड कुठून लागलं ते त्यानं मला एकदा सांगितलं. खडेबाजारात एका दुकानात काचेची पेटी होती, कामावरून येताना तो सायकल लावून तिच्यापुढं उभा राहायचा. "दिसभर इस्तवाफुडं हुबा असतोय गं मी," तो म्हणाला. "लोखंड वितळतंय, त्येच्याकडं बघू नको म्हणत्यात, खरं बघावंच लागतंय. सांजच्याला डोळं नुसतं आग व्हत्यात. डोळ्यांस्नी कायतरी गार पायजे." त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला ठिणग्यांचे बारीक बारीक डाग होते, तीळ असावेत तसे. मग एका रविवारी त्यानं माझ्याकडून निरोप धाडला, "अण्णाला म्हणावं, मागाची जागा रिकामीच हाय. मी तितं माशांची पेटी करणार. मोठी. पाच फुटाची."

आप्पांनी माग थांबवला, मला दोनदा सांगायला लावलं आणि म्हणाले, "जागा त्येच्या वाटणीची हाय. काय बी करू दे. खरं माझ्या मागाला धक्का लावायचा न्हाय म्हणावं."

त्यांच्या मनात त्या जागी कधी ना कधी दुसरा माग यायचा होता, हे आईला ठाऊक होतं. ती तेवढ्यापुरती चरखा थांबवून बसली, आणि मग पुन्हा फिरवू लागली.

हल्ली माझा नातू मला मोबाईलवर दाखवतो. परदेशातली माणसं लांब चिमट्यानं एकेक रोप पेटीत लावतात, पाणी दिसूही नये इतकं स्वच्छ. तो म्हणतो, "आजी, याला शास्त्र असतं." असेल. आमच्या काकाकडं शास्त्र नव्हतं, फौंड्री होती. तिथला त्याचा सोबती परशराम, खानापूरकडच्या एका खेड्यातला, शेती सांभाळून रोज गाडीनं कामाला येणारा. दोघांनी सुटीच्या वेळात लोखंडी पट्ट्या जोडून सांगाडा केला, त्याला गंज लागू नये म्हणून निळा रंग फासला, आणि जाड काचा बसवून सांध्यांत डिंकासारखं चिकट कायतरी पिळलं. त्याचा वास आंबलेल्या लोणच्यासारखा. आठवडाभर आमच्या जेवणाला तोच वास होता. पेटी वाळली तेव्हा आईनं तिला हळदकुंकू लावलं. तिच्या मते घरात एवढी मोठी वस्तू आली की ते करायचंच असतं, मग माग असो नाहीतर हौद.

दगड, वाळू आणि झाडं आणायला आम्ही खानापूरला गेलो. काका, परशराम आणि मी, सकाळच्या पॅसेंजरनं. परशरामच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या कोलंबीची चटणी झाली, मी ती पहिल्यांदाच खाल्ली आणि तीन भाकऱ्या संपवल्या. मग मलप्रभेच्या पात्रात उतरलो. पाणी गुडघ्याएवढं आणि इतकं गार की पायाला कळ यावी. काका एकेक दगड उचलायचा, उन्हात फिरवून बघायचा, पुन्हा ठेवायचा. "ह्यो न्हाय. ह्येचं तोंड बरं न्हाय." परशराम पंचा धरून चिमुकले रुपेरी मासे पकडत होता, शेपटीपाशी काळा ठिपका असलेले. प्रवाहाच्या कडेला रिबिनीसारख्या लांब पानांचं पाणगवत होतं. ते मी मुळासकट, चिखलासकट उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळलं. "मी धरतो काका, तू फुडं हो," मी म्हणाले. आमच्याकडं मुलीही येतो-जातोच म्हणतात. लग्नानंतर पुण्याच्या एका जाऊबाईंनी हसून हसून माझी ती सवय मोडली, पण घरी आले की जीभ आपसूक वळते.

आणि एक मूळ सापडलं. पुरानं कुठल्या झाडाचं ओढून आणलं असेल, धुवून धुवून गुळगुळीत झालेलं, फांद्या पसरलेलं, चार फुटांचं. गाडीत ते दाराशी उभं करून आम्ही बसलो, तर जो तो विचारी, हे काय. एका म्हाताऱ्यानं काकाला विचारलं, "औषध हाय काय?"

"व्हय," काका म्हणाला, "डोळ्याचं."

म्हाताऱ्यानं नखानं मुळाचा एक टवका काढून खिशात घातला.

घरी आल्यावरचे पंधरा दिवस म्हणजे सगळा घोटाळा होता. मासे आणि गवत तोवर घरामागच्या परड्यातल्या हौदात सोडून ठेवलं. वाळू आई आणि मी परड्यातल्या विहिरीपाशी घमेल्यात धुतली, दहा वेळा, अकरा वेळा, तरी गढूळ पाणी निघतच होतं. घागरी मोजून पाणी भरलं. ते ताकासारखं पांढरं झालं आणि पाच दिवस तसंच राहिलं. मूळ आत टाकलं तर ते बुडेचना. वर तरंगत राहिलं, मेलेल्या म्हशीगत, असं आई म्हणाली. ते दगडांना बांधून बुडवलं, तर दुसऱ्या दिवशी पाणी तांबूस झालं. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "यल्लू, हौदात चहा केलास व्हय रं? साखर घालायची ऱ्हायली काय?" काका पाणी उपसायचा, पुन्हा भरायचा. कामावरून दमून आलेला, पण घागर खांद्यावर घेताना त्याच्या चेहऱ्यावर मी कधी कंटाळा पाहिला नाही.

शेवटी पाणी निवळलं. मग दगड लावायचं काम. काकानं सगळ्यात मोठा दगड मधोमध ठेवला, त्याच्या दोन बाजूंना सारखे दोन, आणि मूळ मागं. गवत सगळीकडं सारखं लावलं. आम्ही दोघं मागं सरून बघत होतो. चांगलं दिसत होतं आणि नव्हतंही. काय चुकतंय ते कळेना. तेवढ्यात पाठीमागचा माग थांबला. आप्पा धागा जोडायला थांबले असतील असं मला वाटलं. ते हात पुसत आले, पेटीपुढं उभे राहिले, आणि काकाकडं न बघता मला म्हणाले, "सुमे, त्येला सांग. साडीत पदर कुटं आणि अंग कुटं ते आधी ठरवावं लागतंय. समदीकडं सारखं भरलं की कायच दिसत न्हाय. जड ते एका बाजूला घ्यायचं. दुसरी बाजू मोकळी सोडायची. मोकळी असली की मग काठ दिसतोय."

इतकं लांबलचक आप्पा कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मी काकाकडं वळून सांगायला लागले, तर त्यानं आधीच बाही वर करून हात पाण्यात घातला होता. मोठा दगड डावीकडं गेला, लहान दोन त्याच्या पायाशी. मूळ तिथून तिरकं, उजवीकडं हात पसरल्यासारखं. गवत मागं दाट आणि पुढं वाळूची मोकळी जागा. आप्पा गेले होते. माग पुन्हा सुरू झाला होता. पण पेटीकडं बघताना मला पहिल्यांदा वाटलं की आत कुठंतरी वाट जाते आहे.

मग त्यात नदीचे रुपेरी मासे सुटले, नंतर दुकानातले पट्ट्यापट्ट्यांचे आणि पंखांसारखे लांब पर असलेले चार मोठे. गल्लीतली पोरंसोरं, बायका, मागवाले सगळे बघून गेले. मागाच्या हादऱ्यानं पाण्यावर सारखी बारीक वर्तुळं उठायची. काकानं जुन्या टायरचे तुकडे पेटीच्या पायाखाली दिल्यावर ती कमी झाली. आणि वीज गेली की एक वेगळीच गंमत व्हायची. माग बंद, आणि पेटीतला हवेचा पंपही बंद. घरात एकदम कान वाजतील अशी शांतता. मासे हळूहळू वर येऊन तोंडं उघडायला लागत. मग कुणीतरी तांब्यानं पाणी काढून उंचावरून पुन्हा पेटीत सोडत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम बहुतेक आप्पांकडं आलं. त्यांना तेव्हा दुसरं काही करण्यासारखं नसे. काका कामावर असला की ते स्टूल ओढून बसायचे आणि तास तास धार धरायचे. एकदा मी विचारलं, "आप्पा, काय बघालाय?"

"ह्ये बोलत न्हाईत," ते म्हणाले. "ह्येंच्यासंगं मला बरं वाटतंय."

मी ते काकाला सांगितलं नाही. निरोप पोचवायची एवढी सवय असूनही. का सांगितलं नाही, ते आजही नीट सांगता येणार नाही. काही गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून गेल्या की हलक्या होतात, एवढं तेव्हाही समजत असावं.

घडलं ते दिवाळीच्या आधी, भर दुपारी. घाईचे दिवस होते. एका मोठ्या लग्नाच्या साड्या आप्पांच्या मागावर होत्या, तयार झालेल्यांचा गठ्ठा पेटीजवळ खाली चादरीवर ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी पुढच्या साड्यांसाठी उभे धागे गुंडाळून आणलेला नवा बीम, म्हणजे जड रूळ, आडवा पडलेला. मागावर धोटा येऊन थडकतो तिथं त्याला अडवणारा चामड्याचा तुकडा असतो. तो झिजला होता. आईनं दोन दिवस आधी सांगितलं होतं, आप्पा म्हणाले होते, एवढा गठ्ठा होऊ दे. काकाची दुसरी पाळी होती, तो सोप्यात जेवत होता. मी त्याला आमटी वाढत होते.

आधी एक वेगळाच आवाज आला, खटाखटीत न बसणारा. धोटा मागातून सुटून उडाला होता. धोट्याला दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते, माणसाला लागला तर डोळा जातो. तो गेला सरळ पेटीवर. मी दारातून बघितलं तेव्हा काचेवर खालच्या कोपऱ्यात चांदणीसारखी एक खूण होती, आणि ती वाढत होती. मग पुढची अख्खी काच आत घेतल्यासारखी वाकली आणि बाहेर आली. पाण्याचा तो लोंढा अजून माझ्या पायांना आठवतो. दगड गडगडले. मूळ जमिनीवर येऊन उताणं पडलं. आणि माग चालूच होता.

काका उष्ट्या हातानं उठला, पण खोलीत शिरला नाही. दाराशेजारचा विजेचा मोठा खटका त्यानं आधी खाली ओढला. "वैनी, सुमे, पाण्यात पाय घालू नका!" असं ओरडला, माग थांबलेला बघितला, आणि मगच आत उडी घेतली. माझी खात्री होती की तो माशांकडं धावणार. त्यानं माशांकडं बघितलंही नाही. साड्यांचा गठ्ठा छातीशी धरून त्यानं मागावर टाकला, मग बीमकडं वळला. तो बीम उचलायला एरवी दोन माणसं लागत. त्यानं एकट्यानं एक टोक उचलून मागाच्या सांगाड्यावर टेकवलं, दुसरं खांद्यावर घेतलं आणि तसाच उभा राहिला, धाग्यांना पाणी लागू नये म्हणून.

आणि आप्पा, ज्यांच्या महिन्याभराच्या कामाचे ते धागे होते, ते गुडघ्यांवर बसले होते. काचांचे तुकडे, वाळू, गवत आणि त्यांत तडफडणारे मासे. ते दोन्ही हातांनी मासे गोळा करत होते. मी घागर दिली. एकेक मासा ते ओंजळीत घेऊन घागरीत सोडत होते आणि पुटपुटत होते, "थांब, थांब. ह्यो बघ आला. थांब." आई परड्यातून बादली भरून आली. बीमचं दुसरं टोक तिनं आणि काकानं मिळून वर चढवलं, आणि काका भावाकडं वळला. खालचं पाणी तांबडं व्हायला लागलं होतं.

"अण्णा, हात बघ."

आप्पांना ऐकू गेलं नाही. काका त्यांच्यासमोर पाण्यात बसला, त्यांचं मनगट धरलं आणि तोंडासमोर तोंड नेऊन ओरडला, "अण्णा! हात बघ, हात! रगत यालंय!"

"त्या मुळाखाली अजून एक हाय," आप्पा म्हणाले. "पट्ट्याचा. त्यो आधी काढ."

काकानं तो काढला. घागरीत सोडला. मग आप्पांनी हाताकडं बघितलं. तळवा अंगठ्यापासून आडवा फाटला होता. ते बघून त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. ते काकाकडं बघत होते. "माझ्या धोट्यानं फोडलं रं," ते म्हणाले. "तुझी वैनी सांगालती मला. मी आयकलो न्हाय."

"धोटा उडतोय, अण्णा. माझा दोन डाव उडलाय. तवा तू काय म्हणालतास?"

आप्पांनी आठवून बघितलं. "काय म्हणालतो?"

"भिताड फुटलं तर फुटू दे, तुला लागलं न्हाय न्हवं, म्हणालतास." त्यानं आपल्या कमरेचा पंचा सोडून भावाच्या हाताला गुंडाळला, घट्ट, आणि त्यांना सायकलवर पुढं बसवून डॉक्टरांकडं नेलं. आई दारात उभी राहून रडत होती आणि मला म्हणत होती, "वर्षानं बोललं गं. वर्षानं बोललं." मला मात्र त्या वेळी माशांचीच काळजी होती. ते आम्ही परड्यातल्या हौदात सोडले. पाच मेले. त्यांतला एक त्या चार मोठ्यांपैकी होता.

आप्पांच्या तळव्याला नऊ टाके पडले. महिनाभर मागाला हात लावायचा नाही. साड्यांचं अर्धं काम बाकी, लग्न तोंडावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागाच्या आवाजानं उठले आणि चडफडत सोप्यात आले, आप्पांना ओरडायला, तर आप्पा माझ्यासमोर भिंतीला टेकून चहा पीत बसलेले. हात गळ्यात बांधलेला. मी त्यांच्याकडं बघितलं, मग दाराकडं. पुढच्या खोलीत खटाखट चालूच होती. आप्पा म्हणाले, "यल्लू हाय."

काकानं फौंड्रीत सांगून महिनाभर दुसरी पाळीच मागून घेतली. पहाटेपासून दुपारपर्यंत तो मागावर उभा राहायचा, मग जेवून उद्यमबागेला. आप्पा त्याच्या मागं स्टूल टाकून बसायचे आणि तीन आठवडे त्यांनी त्याला एक क्षण सुखानं विणू दिलं नाही. "ताणा सैल हाय!" "काठाकडं बघ, काठाकडं!" "लोखंड न्हवं त्ये, रेशीम हाय!" काकाही न वळता ओरडायचा, "मग तूच ये की, एका हातानं कर!" गल्लीतून जाणारे थांबून आत डोकावायचे, आता ह्या भावांत खरोखरच जुंपली असं वाटून. आई आणि मी सोप्यात कांड्या भरत एकमेकींकडं बघून हसायचो. घर पुन्हा भरलं होतं.

शेवटची साडी उतरली त्या दिवशी काकानं माग बंद केला, फडक्यानं पुसला आणि भावाच्या समोर येऊन उभा राहिला. "अण्णा, झालं. आता फुडं मला सांगू नको. मला ह्येच्यात जीव लागत न्हाय."

आप्पांनी मागावर एक नजर टाकली. मग म्हणाले, "व्हय. बघितलो की मी तीन आठवडं. हात चांगला हाय तुझा. खरं जीव न्हाय." आणि थोड्या वेळानं, "तुझ्या त्या फौंड्रीतली चार माणसं आण रविवारी. परशरामला बी सांग. माग फिरवायचा हाय."

"कुटं?"

"आडवा. धोटा उडला तर भिताडावर जाऊ दे."

तो माग आमच्या आजोबांनी बसवला होता त्या जागेवरून कधी हलला नव्हता. रविवारी सहा जणांनी पहारी लावून तो उचलला, बोटाबोटानं सरकवला, आणि संध्याकाळी तो पेटीकडं पाठ करून उभा राहिला. आईनं सगळ्यांना उप्पीट आणि खव्याचा कुंदा दिला. पुढच्या पंधरवड्यात नवी, आधीपेक्षा जाड काच आली. पुन्हा वाळू, पुन्हा गढूळ पाणी. ह्या वेळी दगड लावताना मला कुणी हाक मारली नाही. मी दारात उभी राहून बघत होते, दोघं पेटीत कोपरापर्यंत हात घालून वाद घालत होते, आणि मला जरा रिकामं रिकामंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्यात काकाला बघायला बेळगुंदीहून पाहुणे आले. मुलीचा बाप शेतकरी, थोराड, पांढरा फेटा, कमी बोलणारा. आप्पांनी त्या दिवशी माग बंद ठेवला होता. ओरडावं लागू नये म्हणून आई त्यांच्या शेजारी बसून पाहुण्यांचं बोलणं पुन्हा सांगत होती. मी पोह्याच्या बशा घेऊन आत आले तेव्हा पाहुणे विचारत होते, पोरगा काय करतोय. माझ्या हातातली बशी थबकली. गेलं दीड वर्ष जो कोणी विचारेल त्याला आप्पा "मागावरच असतोय" असंच सांगत आले होते.

"उद्यमबागेत फिटर हाय," आप्पा म्हणाले. "फौंड्रीत. चला, दावतो."

त्यांनी पाहुण्यांचा हात धरला आणि पुढच्या खोलीत नेलं. चहा तसाच राहिला. आप्पा सांगत सुटले. सांगाडा कसा जोडला, काच कशी बसवली, मूळ कुठून आणलं, वाळू किती वेळा धुतली, कुठला मासा नदीतला आणि कुठला दुकानातला, रात्री ते कुठं झोपतात. बोट लावून लावून दाखवत होते, त्या बोटाच्या मुळाशी टाक्यांची गुलाबी रेघ अजून ताजी होती. काका संकोचून मागं उभा होता, नव्या शर्टात, मान खाली घालून. पाहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं. पेटीभोवती एक फेरी मारली. मग आप्पांच्या समोर येऊन, त्यांना कळेल असं सावकाश विचारलं, "समदं त्यानंच केलंय म्हणताय. मग ह्यात तुमचं काय?"

आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून आई पुढं झाली. पण त्यांना ऐकू गेलं होतं.

"मी थोरला भाऊ न्हवं त्येचा?" ते म्हणाले.